चुलीपुढच्या श्वासाचे माप

घरातली हवा मोजणारी स्वस्त सेन्सर यंत्रे आता काही हजार रुपयांत मिळतात. संस्था ती वस्त्यांत, गावांत नेत आहेत. चांगलेच आहे. पण मैत्रिणींनो, यंत्र कुठे टांगले, हे आपण विचारतो का?

बहुधा जिथे प्लग असेल त्या भिंतीवर. चुलीपुढे बसून फुंकणी फुंकणाऱ्या बाईचे नाक तिथे नसते! गुजरातच्या खेड्यांतला कर्क स्मिथ व सहकाऱ्यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी हवा गोळा करणारी उपकरणे स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच लावली होती. मग आज आपण भिंतीचा श्वास का मोजायचा?

दुसरी गोष्ट पडताळणीची. हे सेन्सर धुराचे वजन करत नाहीत. कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून ते आकड्याचा अंदाज बांधतात. दमट हवेत कण फुगतात आणि आकडाही फुगतो. उलट, चूल पेटतानाचा दाट धूर अनेक यंत्रांच्या कुवतीबाहेर जातो. म्हणून फिल्टरवर धूर गोळा करून त्याचे वजन करणारे उपकरण शेजारी ठेवून सेन्सर तपासावे लागतात. तेही खऱ्या घरात, ओले सरपण किंवा गोवऱ्या जळत असताना. कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास.

सरासरीचाही एक डाव असतो. सूक्ष्म कणांसाठी आपले २००९ चे राष्ट्रीय मानक चोवीस तासांना सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, आणि तेही बाहेरच्या हवेसाठी. या हिशेबात भाकऱ्या थापण्याचे दोन तास रात्रीच्या झोपेत विरून जातात. आपल्याला तेच दोन तास वेगळे हवेत.

आणि आकडा आधी कोणाच्या मोबाइलवर जातो? नवऱ्याच्या, की संस्थेच्या? २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस आला, पण टाकी पुन्हा भरणे परवडत नाही म्हणून चूल पेटतेच. अशा घरात "गॅस असून धूर का करतेस?" असा जाब तिलाच विचारला जाईल. ही भीती मला सेन्सरच्या चुकीपेक्षा मोठी वाटते.

तेव्हा आपल्या गावात चाचणी आली तर आधी अट घाला: यंत्र बसलेल्या बाईच्या नाकाच्या उंचीवर, चुलीजवळ. नोंद आधी तिच्या हाती. शेजारी तिचीच वही असावी: चूल कधी पेटली, जळण कोणते, आणि टाकी कोणत्या तारखेला संपली.