यकृत नवं, औषधाचा हिशेबही नवा

माझ्या खालूंचं यकृत प्रत्यारोपण होऊन दोन वर्षं झाली. थोरल्या मुलाने आपल्या यकृताचा तुकडा दिला. अल्लाहचा शुक्र, दोघंही बरे आहेत.

गेल्या पावसाळ्यात खालूंच्या मांडीवर गजकर्ण उठलं. घरात कुणाच्या तरी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या उरल्या होत्या. "चामडीचीच तर गोळी," म्हणत खालाजाननी दिल्या. थोड्याच दिवसांत चहाचा कप धरताना खालूंचे हात थरथरू लागले. रक्त तपासलं, तर टॅक्रोलिमसचं प्रमाण फार वाढलेलं आणि क्रिएटिनिनही चढलेलं. वेळीच कळलं म्हणून मूत्रपिंडं वाचली.

असं का झालं? शरीराने नवं यकृत परकं समजून नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस देतात. यकृतातली आणि आतड्यातली एन्झाइमं या औषधाचं विघटन करतात. इट्राकोनॅझोल त्यांनाच रोखतं, मग औषध रक्तात साचत जातं. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन याच्या उलट करतं. एन्झाइमांचा जोर वाढतो, औषध लवकर संपतं आणि शरीर यकृत नाकारू शकतं.

आणखी एक गोष्ट. आतडी खालूंची, पण यकृत मुलाचं. त्या यकृतातल्या पेशींचे जनुक आजही मुलाचेच आहेत. त्यामुळे एकाला पुरणारा डोस दुसऱ्याला कमी किंवा जास्त पडतो. सुरुवातीला यकृत सावरत असताना तर हिशेब सारखा बदलतो. म्हणून पुन्हापुन्हा रक्त तपासतात, तेही सकाळची गोळी घेण्याआधी.

रमजानचा प्रश्नही येतो. टॅक्रोलिमसच्या साध्या गोळ्या बारा-बारा तासांनी घ्यायच्या असतात आणि आपल्याकडे रोजा त्याहून लांबतो. आजाऱ्याला सवलत दीननेच दिली आहे. रोज्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, मनाने गोळीची वेळ बदलू नये.

घरात असा रुग्ण असेल तर औषधांची यादी त्याच्या खिशात ठेवा. दातांचा डॉक्टर असो की हकीमसाहेब, आधी यादी दाखवा. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा. दुकानातून वेदनाशामक गोळी आपणहून आणू नका. आणि बरं वाटलं म्हणून औषध कधीही थांबवू नका.

खालाजान आता साधी खोकल्याची बाटली उघडण्याआधीही प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन लावतात. खालू हसतात. पण कप आता स्थिर हातात असतो.