‘फकिरा’ वाचून कोण बिघडले?

हिंसेच्या गोष्टी वाचून, पाहून तरुण बिघडतात, असा सूर हल्ली पुन्हा ऐकू येतो. पूर्वी बोट सिनेमाकडे होते. आता ते जपानी ॲनिमेकडे वळले आहे. मी मोबाईलवर ‘डेथ नोट’ पाहत होतो, तेव्हा वडिलांनीही विचारले, “कॉलेजात ह्येच शिकवत्यात काय रं?”

शाळेची पुस्तके सोडली, तर आमच्या घरात शिरलेले पहिले पुस्तक ‘फकिरा’. वडिलांना ते मीच वाचून दाखवले. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ साली आली. तिच्यात तलवार आहे, लूट आहे, रक्तही आहे. पण फकिरा धान्य लुटतो, ते माणसे उपाशी मरत असतात म्हणून. अण्णा भाऊंना गुन्ह्याचे मूळ भुकेत दिसले. इंग्रज सरकारला ते जन्मात दिसले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरल्या, आणि तो कायदा जायला १९५२ साल उजाडले. त्या माणसांनी कोणती कादंबरी वाचली होती?

पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड घ्या. १९७६-७७ मध्ये चोरीसाठी दहा खून करणारे तरुण कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यावरचा ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट पुढे १९८६ साली आला.

अनुकरण होतच नाही, असे मी म्हणत नाही. नटाची केसांची तऱ्हा आम्ही उचलतोच (प्राध्यापकांनी क्षमा करावी!). ज्याच्या मनात आधीच काळे आहे, त्याला गोष्टीतून एखादी युक्तीही सापडेल. पण ते काळे आले कोठून, ही चौकशी कोणी करत नाही. ती घरापर्यंत, चावडीपर्यंत येऊन पोहोचते.

वडिलांना मी एवढेच म्हणालो, “‘फकिरा’ ऐकून तुम्ही कुठं दरोडा घातला?” ते हसले, आणि मोबाईल जवळ धर म्हणाले.