मध्यंतरातलं एक मत

ॲटनबरोंचा ‘गांधी’ १९८२ चा. आठ ऑस्करांचा गाजावाजा झाल्यावर मी तो वर्ध्याला टॉकीजमध्ये हिंदीत पाहिला. बापूंना आवाज पंकज कपूरचा. मध्यंतरात चहा पिताना आम्ही मास्तर मंडळी बेन किंग्सलेचं कौतुक करत होतो. शेजारी सेवाग्रामकडचे एक म्हातारबा होते. म्हणाले, "बापू असे बोलत नव्हते जी. लय हळू बोलत." आम्ही हसलो. हे ऑस्करला नावं ठेवणार!

आज त्या हसण्याची लाज वाटते. बापू १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. त्यांना कानांनी ऐकलेला माणूस समोर होता, आणि आम्ही पेपरातली परीक्षणं एकमेकांना ऐकवत होतो. पुढे काही विचारलंसुद्धा नाही! चित्रपटावर बोलायचा हक्क त्यांचा आमच्याहून मोठा होता.

असो. परवा ‘कोर्ट’ नातवाच्या लॅपटॉपवर पाहिला. आवडला. पण शेजारी कुणीच नव्हतं.