अंगणवाडी फोनवर भरत नाही

कोविडमध्ये अंगणवाड्या बंद होत्या, असं सरसकट म्हटलं जातं. माझी अम्मी मिरजेत अंगणवाडी सेविका आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मार्च २०२० पासून अम्मी घरी बसलीच नाही. दारोदार सर्वेक्षण, क्वारंटाइन घरांवर लक्ष, सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची ताप आणि ऑक्सिजन मोजणी, शिवाय शिधावाटप. सेविका कामावर होती, मदतनीस कामावर होती, रजिस्टरं भरली जात होती. फक्त मुलांना यायला मनाई होती. २ ऑक्टोबर १९७५ ला ज्या मुलांसाठी ही योजना सुरू झाली, ती सोडून बाकी सगळं चालू होतं.

याला सरकारी भाषेत ‘परिस्थितीनुरूप बदल’ म्हणतात. बदल करायलाच हवा होता, याबद्दल वाद नाही. दहा बाय दहाच्या खोलीत तीस मुलं कोंबून बसवा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. माझं भांडण बदलाशी नाही, काय टाकलं आणि काय ठेवलं त्याच्याशी आहे.

गरम ताज्या आहाराचंच घ्या. अंगणवाडीत वाढलेली खिचडी त्या मुलाच्या पोटात जाते, कारण ते समोर बसून खातं. तिच्याऐवजी घरी कोरडा शिधा आला. गहू, डाळ, तिखट, मीठ. आता घरात सहा माणसं, बापाची हातगाडी बंद, आणि पिशवीवर लिहिलंय की हे तीन वर्षांच्या मुलासाठी आहे. कोणती आई त्या डाळीचं वेगळं भांडं चढवेल? ती सगळ्यांच्या भांड्यातच जाणार, आणि गेली. मुलामागे दिवसाला ८ रुपये हा तेव्हाचा दर होता. आठ रुपयांत सहा जणांचं घर चालवल्यावर मुलाचं वजन वाढलं का, हे पाहायलाही कुणी नव्हतं. आमच्याकडे वजनकाटा कित्येक महिने कपाटात पडून होता. दंडघेर मोजायची पट्टी तर कागदाएवढी हलकी असते, ती आईच्या हातात देऊन घरीच मोजायला शिकवता आलं असतं. अम्मीने हे बैठकीत सुचवलं, तर वरून उत्तर आलं की तसा आदेश नाही.

आदेश कशाचा होता? फोनचा. पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप करा, व्हिडिओ टाका, मुलांकडून कृती करून घ्या, फोटो मागवा. आता थोडे आकडे बघू. कोविडच्या थोडंच आधी, २०१९ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका सुमारे ३८ टक्के होत्या आणि पुरुष ६१ टक्क्यांच्या वर. म्हणजे अम्मीच्या ग्रुपवरचे बहुतेक नंबर अब्बांचे. ‘प्रिय मातांनो, आज बाळाला रंग ओळखायला शिकवूया’ हा मेसेज बापाच्या खिशात वाजायचा, आणि तो तिथेच विझायचा. मेसेज लिहिणाऱ्याला हे कळत नव्हतं का? पण आपल्याकडे पालकत्वाच्या कार्यक्रमात ‘पालक’ म्हटलं की आई असं गृहीतच आहे. लॉकडाऊनमध्ये पिढ्यांनंतर पहिल्यांदा सगळे बाप दिवसभर घरात होते. त्यांना उद्देशून एक ओळ कुणी लिहिली असती तर? (अम्मीने ‘प्रिय अब्बा’ म्हणून दोन-चार मेसेज स्वतः टाकले. तिघांनी उत्तर दिलं. एकाने विचारलं, मॅडम, हे खरंच मला आहे का?)

फोनचा मोह त्यानंतरही सुटला नाही. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आलं, तेही इंग्रजीत. मराठीत रजिस्टर लिहिणाऱ्या, वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या बायकांना इंग्रजीत माहिती भरायला सांगितली, त्याही जुनाट फोनवर. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्यात अम्मीही होती, आणि तिचा मला जितका अभिमान त्या दिवशी वाटला तितका क्वचितच वाटलाय. टीव्हीवर मात्र चर्चा झाली ती ‘सेविकांचा तंत्रज्ञानाला विरोध’ अशी.

ही सवय ओळखून ठेवा: सेवा पोचली नाही की ज्याच्यापर्यंत ती पोचली नाही, त्यालाच अडाणी ठरवायचं. २०२२ च्या पावसाळ्यानंतर मी समाजकार्याच्या शिक्षणासाठी मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत फिरत होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे गोवराने लेकरं दगावायला लागली. मालेगाव, भिवंडीतही साथ होती. लगेच सूर निघाला, अल्पसंख्याक वस्त्यांत लसीला विरोध आहे, जनजागृती हवी. आपण साधा हिशेब करू. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. २०२२ मध्ये दोन वर्षांचं असलेलं मूल २०२० मध्ये जन्मलं. त्याचा पहिला डोस पडतो तो २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या आगेमागे. तेव्हा दवाखान्यात नेहमीचं लसीकरण कितपत चालू होतं, ते आठवा. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या अंदाजानुसार भारतात ट्रिपल लसीचा एकही डोस न मिळालेली मुलं २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती, २०२० मध्ये सुमारे ३० लाख झाली. हे तीस लाख काही एका मोहल्ल्यातले नव्हते.

दारं बंद झाली, हेही खरं आहे. ती का झाली? १ एप्रिल २०२० पासून राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं काम सुरू होणार होतं, त्याआधीचे चार महिने आपण कागदपत्रांच्या धास्तीत काढले होते. त्यात मरकजचं निमित्त झालं आणि भाजीवाल्याला नाव विचारून हाकलायला लागले. औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अशा दिवसांत वही घेऊन कुणी दारात उभं राहिलं आणि घरातल्यांची नावं, वयं विचारू लागलं, तर दार लागणारच. ते उघडलं कुणासाठी? ज्या सेविकेच्या मांडीवर घरातलं थोरलं पोर वाढलं, तिच्यासाठी. मिरजेत अम्मीला कुणी परत पाठवलं नाही. हा विश्वास रोज मूल समोर बसण्यातून येतो, आणि नेमकं तेच तोडलं गेलं.

आता आपल्या घरातलं. गोवराला ‘माता आली’ म्हणत सुई टाळणं, कडुलिंबाचा पाला बांधून दवाखान्याला दोन दिवस उशीर करणं, हे आपल्यातही चालतं. ते अज्ञान आहे. बाहेरचे आपल्यावर टपून बसलेत म्हणून आपण ते झाकून ठेवायचं, हे मला मान्य नाही. त्याची किंमत दोन वर्षांची पोरं मोजतात.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. २०२० मध्ये आपल्या तरुणांनी केलेलं काम मी विसरलेले नाही. रेशन किट, ऑक्सिजन सिलिंडर, ज्यांना घरचे हात लावेनात अशा मयतींचं दफन. पण त्या किटच्या याद्यांमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांचा रकाना कुठे होता? ५ ऑक्टोबर २०२० ला राज्यात हॉटेलं आणि बार उघडले. १६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळं उघडली, त्यासाठी आधी सगळ्याच धर्मांचे लोक आंदोलनं करत होते, आपलेही. सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२१ ला राज्यांना सांगितलं की प्रतिबंधित क्षेत्राबाहेरच्या अंगणवाड्यांचा निर्णय महिनाअखेरपर्यंत घ्या. त्यासाठी एखादं शिष्टमंडळ तहसीलवर गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मशिदीचं कुलूप आपल्याला टोचलं, अंगणवाडीचं नाही.

वेगळं काय करता आलं असतं, याचं उत्तर शोधायला परदेशात जायला नको. ‘अंगणवाडी’ हा शब्द ज्यांच्यामुळे रूढ झाला त्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीत काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. चार-पाच मुलं, मोकळी हवा, सोबत शिकवणारी बाई. संसर्गाच्या काळात याहून सुरक्षित अंगणवाडी कोणती? गल्लीच्या चौकात, मशिदीच्या सहनात, बंद पडलेल्या जमातखान्याच्या गच्चीवर पाच-पाच मुलांच्या पाळ्या लावता आल्या असत्या. जागा आपल्याकडे होती. किल्ल्याही आपल्याच विश्वस्तांकडे होत्या.

पुढची साथ कधी येईल ते कुणाला माहीत नाही, पण गोवंडीसारख्या वस्त्यांत अंगणवाडीच नसलेल्या गल्ल्या आजही आहेत. १३ डिसेंबर २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या रहिवाशांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. झोपडपट्ट्यांनाही हे लागू आहे. सीएएच्या वेळी कागद गोळा करायला आपण घरोघर फिरलो होतो, तेव्हा दार कसं वाजवायचं हे तुम्हाला सांगायला नको. नाव, वय, आईबापाची सही. चाळीस झाले की अर्ज प्रकल्प कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि पोचवर तारखेचा शिक्का आहे ना ते तिथेच उभं राहून बघा.