मॉनिटर घेताना डोळे उघडे ठेवा!

परवा वसतिगृहात राहणारा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. आईने भिशीतून उचललेल्या आठ हजार रुपयांत त्याने मॉनिटर घेतला होता. आठ दिवसांतच पडद्यावर उभी रेघ उमटली. दुकानदाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पावती म्हणून पोराच्या हातात होता एक चिठोरा. त्यावर फक्त रक्कम. ना जीएसटी क्रमांक, ना मॉनिटरचा अनुक्रमांक.

आठ हजार रुपये ज्याच्या घरात महिन्याचा किराणा, भाडे आणि औषध भागवतात, त्याला चुकीची खरेदी परवडत नाही. श्रीमंताचे पोर दुसरा मॉनिटर आणील. आपल्या पोराने काय करावे? म्हणून विद्यार्थी मित्रहो, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी चार गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट, काम ओळखा. अभ्यास, प्रोग्रामिंग, टंकलेखन, ऑनलाईन परीक्षा यांसाठी २२ ते २४ इंची, १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे फुल एचडी पडदा पुरेसा आहे. 'थोडे पैसे टाका, २७ इंची घ्या' असे विक्रेता म्हणेल. पण ठिपके तेवढेच असतील तर मोठ्या पडद्यावर ते विरळ होतात. २४ इंचीवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर सुमारे ८२. म्हणजे जादा पैसे मोजून अक्षर अधिक भरड! १६५ हर्ट्झ, वक्र पडदा, रंगीत दिवे हे सारे खेळणाऱ्यांसाठी आहे. वाचणाऱ्याला ६० ते १०० हर्ट्झ पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट, पॅनेल विचारा. आयपीएस पॅनेल बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. एका खोलीत दोघे-तिघे मिळून अभ्यास करतात तिथे हे महत्त्वाचे. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद दिसतो. टीएन स्वस्त, पण मान हलवली की चित्र फिके पडते.

तिसरी गोष्ट, जोडणी. जुन्या सीपीयूला अनेकदा फक्त व्हीजीए असते आणि नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. आपल्या यंत्रामागची भोके आधी पाहा, मोबाईलवर फोटो काढा, मगच दुकानात जा. नाहीतर कन्व्हर्टरचा भुर्दंड बसतो. जुना मॉनिटर घेण्यात कमीपणा नाही. कार्यालयांतून निघालेले चांगले मॉनिटर पुष्कळ कमी पैशात मिळतात. मात्र तो अर्धा तास चालू ठेवून पाहा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असा एकरंगी पडदा लावून मेलेले ठिपके शोधा. फुकट मिळतो म्हणून जुना डबा मॉनिटर मात्र आणू नका. एलईडी मॉनिटर साधारण २० वॅट घेतो, डबा ८० वॅटच्या आसपास. रोज सहा तास धरले तर महिन्याला साडेतीन युनिट आणि साडेचौदा युनिट एवढा फरक पडतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पक्के बिल! 'बिल नको, अठरा टक्के वाचतील' या आमिषाला बळी पडू नका. त्या अठरा टक्क्यांबरोबर तुमचा पुरावाही जातो. नामांकित कंपन्या बहुधा तीन वर्षांची हमी देतात; बिलावर अनुक्रमांक नसेल तर ती सिद्ध कशी करणार? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलातील मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच. मग भिंतीवरची पाटी मोठी की संसदेचा कायदा?

दुकान मुंबईत आणि तुम्ही गावी असाल तरी तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून पाहा.

त्या विद्यार्थ्याने सुदैवाने पैसे मोबाईलवरून दिले होते. ती नोंद पुराव्याला आली. नोटीस गेली आणि पंधरवड्यात मॉनिटर बदलून मिळाला. पण प्रत्येकाचे नशीब असे नसते.

मॉनिटर घरी आला की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा, हातभर अंतर राखा, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा. पडदा बदलून मिळेल, डोळे मिळणार नाहीत. आईने भिशी उचलली ती पोराने त्या पडद्यावर शिकावे म्हणून. तिच्या एकेका रुपयाचा हिशेब दुकानदाराकडे मागा. तो तुमचा हक्क आहे!