शाळा सुटल्यावरची शाळा

राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले. आणि शिकण्यासाठी घराशी व शेताशी झगडणाऱ्या मुलाची कहाणी ‘झोंबी’त मांडणारे आनंद यादवही कागलचेच, त्यामुळे येथील हायस्कूलचा विचार केवळ दहावीच्या निकालावर थांबवणे आम्हांला अपुरे वाटते. औद्योगिक वसाहतीमुळे कागल कोल्हापूरचे उपनगर होऊ लागले असताना, ज्यांना शहरातील शिकवण्या परवडत नाहीत, त्या मुलांना शाळेतील उपक्रमांचाच आधार उरतो. उदाहरणार्थ एनएमएमएस, म्हणजे आठवीतील गरजू व गुणी विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा: तीतून निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, परंतु उत्पन्नाचा दाखला वेळेत हाती न आल्यास हुशार मुलाचाही अर्ज अडतो, आणि अशा वेळी पालकांना तहसील कचेरीची वाट दाखवणारा शिक्षक अभ्यासक्रमाइतकाच मोलाचा ठरतो. छात्रसेना, प्रयोगशाळा, मैदान व वाचनालय यांचाही शोध हा अंक याच दृष्टीने घेतो. वाचकांनी आपल्या शाळेतील चालू आणि विशेषतः बंद पडलेल्या उपक्रमांविषयी आम्हांला अवश्य लिहावे.