पिळदार दंड आणि औषधाची सुई

व्यायामाची हौस ही तारुण्याची शोभा होय. जळगाव व धुळे येथील तालमींत जे तरुण पूर्वी पहाटे लाल मातीत घुमत, त्यांचीच नातवंडे आज जिममधील आरशासमोर लोखंड उचलताना दिसतात. माती गेली व आरसा आला. आरशाविषयी आमचे मत फारसे चांगले नाही, परंतु तो विषय निराळा. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी लागोपाठ तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी'ची गदा खानदेशात आणली. तेव्हा बलोपासनेचा अभिमान आमच्या मुलांस शिकवावयास नको.

या हौसेच्या पाठोपाठ मात्र एक शब्द येतो, जो घरात वडिलांसमोर कोणी उच्चारीत नाही. तो शब्द 'कोर्स'. ॲनाबॉलिक स्टेरॉइड या जातीच्या गोळ्या घ्यावयाच्या किंवा सुया टोचून घ्यावयाच्या, आणि काही आठवड्यांत दंड फुगवावयाचे, असा त्याचा अर्थ. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने हा मार्ग धरावा काय? आमचे उत्तर स्पष्टपणे नकाराचे आहे. तथापि नुसत्या नकाराने मुलांचे समाधान व्हावयाचे नाही, आणि ते होऊही नये.

कारण वडीलधाऱ्यांनी या बाबतीत पुष्कळदा खरे सांगितलेले नाही. या औषधांनी स्नायू वाढत नाहीत, नुसते पाणी साठते, असे एके काळी डॉक्टरही म्हणत. मुलांनी जिममध्ये डोळ्यांनी उलट पाहिले, आणि मग डॉक्टरांच्या इतर सांगण्यावरचाही त्यांचा विश्वास उडाला. १९९६ साली अमेरिकेत डॉ. भसीन व त्यांचे सहकारी यांनी ४३ निरोगी पुरुषांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांत, औषधावाचून व्यायाम करणाऱ्यांचे मांसल वजन सुमारे दोन किलोंनी वाढले. औषध घेऊन स्वस्थ बसलेल्यांचे तीन किलोंनी. आणि दोन्ही करणाऱ्यांचे सहा किलोंनी. औषध काम करते, हे यावरून मान्य केले पाहिजे. मात्र ते पुरुष प्रौढ होते, डॉक्टरांच्या नजरेखाली होते, आणि प्रयोग दहा आठवड्यांत संपला. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस यांतील एकही गोष्ट लागू पडत नाही.

ही औषधे टेस्टोस्टेरॉन या द्रव्याची भावंडे होत. मुलगा वयात येऊ लागला म्हणजे हे द्रव्य त्याचे शरीर आपले आपणच तयार करू लागते. घरी रोज बाहेरून आयता डबा येऊ लागला की चूल विझते, तसेच येथे घडते. बाहेरून पुरवठा होत आहे असे पाहून मेंदू आपल्या ग्रंथींस आज्ञा देणे थांबवितो. वृषणे आकसतात, वीर्योत्पत्ती मंदावते. पुढे डबा बंद झाला तरी चूल त्याच दिवशी पेटत नाही. कित्येकांस महिने लागतात, आणि काहींची पूर्ववत पेटतच नाही.

याहून एक गोष्ट आमच्या भागातील मुलांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. खानदेशातील पुष्कळ तरुण शरीर कमावतात ते पोलीस भरतीसाठी. पोलीस शिपाई होऊ इच्छिणाऱ्या पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते. छाती न फुगविता ७९ सेंटिमीटर, व फुगविल्यावर पाच अधिक. छाती कमी भरेल या धास्तीने मुलगा कासावीस होतो, आणि कोणीतरी कानाशी लागून 'कोर्स' सुचवितो. आता शरीराचा हिशेब पाहा. उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांमुळे. शरीर टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचे इस्ट्रोजेन बनविते, आणि त्याच्या योगाने या पट्ट्या हळूहळू हाडात मिटून जातात. बाहेरून भरमसाट पुरवठा झाला की हे मिटणे वेळेआधी घडते. यूरोपात एके काळी अतोनात उंच होऊ लागलेल्या मुलांची वाढ रोखण्यासाठी डॉक्टर मुद्दाम टेस्टोस्टेरॉनच टोचीत असत, हे सांगितले म्हणजे अधिक पुराव्याची गरज राहत नाही. १६३ सेंटिमीटरवर उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या मुलास निसर्ग आणखी दोन-तीन सेंटिमीटर देणार असेल, तर छातीच्या लोभाने तो ते गमावून बसेल. छाती दंड-बैठकांनी व धावण्याने पुढेही भरते. मिटलेले हाड पुन्हा उघडीत नाही.

बाकीचे अपाय थोडक्यात सांगतो. हृदयाचा स्नायू जाड होतो, रक्तातील हितकर चरबी घटते, गोळ्यांनी यकृत बिघडते, तोंडावर व पाठीवर पुळ्या उठतात, आणि ज्या छातीसाठी एवढा खटाटोप, तीवर कधी कधी स्त्रीप्रमाणे स्तन वाढतात. मन तापट होते. औषध सुटल्यावर खिन्नता येते. एकाच सुईने दोघा-तिघांनी टोचून घेतले तर कावीळ व एड्स यांचे भय वेगळेच.

रावेर-यावलच्या केळीबागांत वाढलेल्या मुलास हे समजणे अवघड नाही. कार्बाइडच्या पुडीवर पिकविलेल्या केळ्याची साल पिवळी होते, गर मात्र कच्चा राहतो. कायद्याने त्यास बंदी आहे, आणि असा माल हाती आला तर आपण व्यापाऱ्याशी भांडतो. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र साल पिवळी दिसली की आपण शेजाऱ्यांस कौतुकाने दाखवितो!

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई आहे, तरी ती मिळतात. कधी ती मागावीही लागत नाहीत. पूर्व जर्मनीत १९७० नंतरच्या काळात अल्पवयीन खेळाडूंस जीवनसत्त्वे म्हणून हीच औषधे चारली गेली, आणि २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्याबद्दल तेथील क्रीडाप्रमुखास दोषी ठरविले. आपल्याकडे तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी' झालेले नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी निवडले गेले असता त्यांच्या चाचणीत मिथँडिएनोन हे याच जातीचे द्रव्य आढळले. आपल्या अन्नपाण्यात ते कोणीतरी कालविले, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील यंत्रणेने ते मानले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानले नाही, व चार वर्षांची बंदी घातली. त्या वादाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु निवडक खेळाडूंच्या शिबिरात राहणाऱ्या मल्लाच्या शरीरातही हे द्रव्य आढळते, तर सुट्या पावडरीचा डबा आणणाऱ्या मुलाने त्यात काय आहे हे कसे ओळखावे? २०२३ साली भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ नमुन्यांत निरनिराळी निषिद्ध द्रव्ये सापडली. आणि गल्लीतल्या ज्या 'श्री'स्पर्धांत चाचणीच होत नाही, त्यांची गणना कोण करणार?

काही मुले विचारतील, मग शरीर कमवावेच कसे? यूजीन सँडो १९२५ साली वारला, आणि टेस्टोस्टेरॉन हे नाव शास्त्रज्ञांस १९३५ साली सापडले. सँडोचे दंड त्यावाचूनच झाले होते. कसरत करणाऱ्यास वजनाच्या दर किलोमागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे पन्नास किलोच्या मुलास पाऊणशे ग्रॅम. शंभर ग्रॅम उडीद डाळीत सुमारे चोवीस, तितक्याच शेंगदाण्यांत पंचवीस, एका अंड्यात सहा. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आमच्या आजीबाई खात आल्या, त्या काही खुळ्या नव्हत्या. बाबेलच्या राजाघरचे मिष्टान्न नाकारून दहा दिवस शाकान्नावर राहिलेला दानीएल व त्याचे सोबती इतरांहून धष्टपुष्ट दिसले, ही कथा आपण बायबलच्या तासाला ऐकतो. तिचा मुख्य विषय धर्मनिष्ठा आहे, प्रथिने नव्हे. तरी कळण्याची भाकरी खाताना ती आठवून हसावयास हरकत नाही.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. दम्यासाठी किंवा सुजेसाठी डॉक्टर जे स्टेरॉइड देतात ते निराळ्या जातीचे औषध आहे. हा लेख वाचून कोणी मुलाचा पंप बंद करू नये. आणि मुलाच्या दप्तरात सुई सापडलीच, तर प्रथम हात उगारू नये. मार खाल्लेला मुलगा सुई टाकीत नाही, लपवितो. ज्याने औषध सुरू केले आहे त्याने शरमेने गप्प बसू नये. ते सोडताना मन खचते, अशा वेळी त्याला एकटे ठेवू नये. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तेथे त्याला घेऊन जावे, आणि रिकामी कुपी किंवा गोळ्यांचे पाकीट फेकून न देता डॉक्टरांस दाखविण्यासाठी सोबत न्यावे.